टिटवाळ्यातून लोकसभेत

ठाण्याचे जुने खासदार आठवायला सांगा, आमच्या डोंबिवलीत बहुतेकांची गाडी रामभाऊ म्हाळगींपाशी थांबते. पण त्याच्याही वीस वर्षं आधी, १९५७ साली, ठाण्याने चक्क दोन कम्युनिस्ट दिल्लीला पाठवले होते. तेव्हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. एक शामराव परुळेकर, दुसरे आदिवासी राखीव जागेवरचे लक्ष्मण मातेरा. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे खरं, पण शामरावांना मतं केवळ लाटेने दिली नाहीत.

१९३७ साली ते बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबईच्या कायदेमंडळात गेले. तिथे कोकणातल्या खोतीविरुद्ध लढले. पुढे कम्युनिस्ट झाले. जानेवारी १९४५मध्ये किसान सभेची परिषद भरली, ती आपल्या टिटवाळ्याला. आपण जिथे मंगळवारी गणपतीला जातो, तिथेच. उंबरगावकडचे काही वारली तिथे आले आणि त्यांनी आपली वेठबिगार सांगितली. लग्नाच्या कर्जापायी माणसं ‘लग्नगडी’ होऊन सावकाराकडे राबत होती.

शामराव आणि गोदावरीबाई त्या पाड्यांवर गेले. मे महिन्यात झरी गावात ठरलं : वेठ बंद, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय काम नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. वारली मागे हटले नाहीत. वेठ मोडली.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खासदारकी शामरावांना मिळाली, ती या कामाच्या बारा वर्षांनंतर. आज आपण नेमकं उलटं धरून चाललोय : आधी निवडून या, मग कामाचं बघू.

१९६४च्या अखेरीस सरकारने मार्क्सवादी नेत्यांची धरपकड केली. खटला नाही, काही नाही. ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्ध असतानाच शामराव गेले. माजी खासदाराचा असा शेवट स्वतंत्र भारतात झाला, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

२०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू-तलासरी ठाण्याच्या नकाशातून गेले, आणि त्यांच्यासोबत हा इतिहासही ‘तिकडचा’ झाला. पण टिटवाळा अजून ठाण्यातच आहे. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लायब्ररीत सहज मिळतं. कसारा लोकलमध्ये उघडा, वाचून बघा.