अक्षरपाटी आणि तिच्यामागचा हात

इ.स. १८०० च्या आरंभी दक्षिण फ्रान्समधील आव्हेरोन प्रांतात, अरण्यात एकट्यानेच वाढलेला, अंगावर धड वस्त्र नसलेला आणि मुखातून एकही शब्द न काढणारा सुमारे अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गावकऱ्यांच्या हाती लागला. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणण्यात आले. थोर म्हणून मान्यता पावलेल्या वैद्यांनी तो जन्मजात मंदमती असल्याचा निर्वाळा दिला. आणि तरीही इतार नावाच्या एका तरुण वैद्याने त्याचे व्हिक्टर असे नामकरण करून त्याला शिकविण्याचा पत्कर घेतला. हा मुलगा स्वमग्न असावा असे आज काही अभ्यासकांना वाटते. परंतु त्या काळी या अवस्थेला नावही नव्हते.

इतारच्या १८०१ सालच्या अहवालात दोन नोंदी आहेत, आणि त्या दोन्ही सावकाश वाचण्याजोग्या आहेत. व्हिक्टर 'दूध' या अर्थाचा फ्रेंच शब्द कसाबसा उच्चारू लागला. पण तो उच्चार दूध मागण्यासाठी नसून ते पेल्यात पडताना झालेल्या आनंदाचा उद्गार होता, तेव्हा याला संभाषण म्हणता येत नाही, असे गुरूने स्वतःच्या यशाविरुद्ध प्रांजळपणे लिहून ठेवले. पुढे त्याच शब्दाची चार सुटी अक्षरे व्हिक्टरसमोर क्रमाने मांडली असता त्याने ती तशीच मांडून दाखविली. इतारने तेवढ्यावरूनही निष्कर्ष काढला नाही, कारण अनुकरण निराळे आणि अर्थबोध निराळा. मात्र सुमारे आठवड्याने, एका संध्याकाळी, वेधशाळेजवळच्या एका गृहस्थाकडे नित्याप्रमाणे दूध पिण्यास निघताना व्हिक्टरने कोणीही न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली आणि तेथे पोचताच मेजावर मांडून तो शब्द सिद्ध केला. त्या वेळी त्याच्या मनगटावर कोणाचा हात नव्हता, की अक्षरे कोणी हवेत धरलेली नव्हती. न बोलणाऱ्या मनुष्याने अक्षरांच्या द्वारे आपली इच्छा प्रकट केली असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या विधानाचा खरा आशय काय असावा, याची कसोटी त्या मेजावर ठरून गेली आहे.

इतारची अक्षरे त्याचा शिष्य सेगँ याच्याकडून मारिया मॉन्टेसरीबाईंकडे, आणि त्यांच्या पद्धतीबरोबर आपल्याकडे ताराबाई मोडकांच्या बालवाड्यांपर्यंत येऊन पोचली. न बोलणाऱ्या मुलाने बोटाने एकेक अक्षर दाखवून बोलावे म्हणून पुढे धरल्या जाणाऱ्या ज्या अक्षरपाटीविषयी आज वाद माजला आहे, तिची परंपरा मात्र या शाखेची नव्हे. तिचा उगम एका निराळ्या दुःखात आहे.

१९४३ साली बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध करून स्वमग्नतेचे पहिले स्पष्ट वर्णन केले. त्यांतील ३ मुले मुळीच बोलत नव्हती. त्यानंतरची दोन-अडीच दशके आईबापांना, विशेषतः आयांना, फार क्रूर गेली. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा सिद्धांत मोठ्या अधिकारवाणीने सांगितला गेला, आणि ज्या स्त्रीने रात्ररात्र जागून त्या मुलाला सांभाळले तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. तज्ज्ञांनी एकदा असा घोर अन्याय केल्यावर पुढील काळातील तज्ज्ञांच्या रास्त शंकांवरही पालकांचा विश्वास बसेना, यात नवल नाही. पुढील इतिहास वाचताना ही जखम ध्यानी ठेवली पाहिजे.

मेलबर्न शहरात सेंट निकोलस हॉस्पिटल नावाची, अतितीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी सरकारी संस्था होती. ॲन मॅक्डॉनल्ड ही मेंदूचा पक्षाघात असलेली मुलगी तिसऱ्या वर्षी तेथे दाखल झाली आणि सोळाव्या वर्षी तिचे वजन अवघे १२ किलो होते. हा एकच आकडा त्या संस्थेतील कारभाराची सारी कैफियत सांगतो. १९७७ साली रोझमेरी क्रॉस्ली नावाच्या तेथील कर्मचारी बाईंनी तिच्या दंडाला आधार देऊन तिला अक्षरांकडे बोट नेण्यास शिकविले, आणि अल्पावधीतच पूर्ण वाक्ये उमटू लागली. अठरा वर्षे पूर्ण होताच, १९७९ मध्ये, ॲनच्या वतीने व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज गुदरण्यात आला. तो मंजूर होऊन ती त्या भिंतींबाहेर पडली. त्या सुटकेबद्दल क्रॉस्लीबाईंचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु याच ठिकाणी एक घोटाळा झाला असे मला वाटते: संस्थेतील अन्याय खरा होता म्हणून संभाषणाची पद्धतीही खरी मानली गेली. अन्यायाने पद्धतीला जामीन दिला, आणि पद्धतीची स्वतंत्र रुजुवात करण्याचे काम मागे पडले.

सिराक्यूज विद्यापीठातील डग्लस बिक्लेन यांनी मेलबर्नला जाऊन ही पद्धत पाहिली आणि १९९० मध्ये 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू'मध्ये तिच्यावर लेख लिहिला. साहाय्यकाने मनगटाला, कोपराला वा खांद्याला आधार द्यावयाचा, आणि बोट अक्षरावर जाऊ द्यावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' या नावाने ती दोन-तीन वर्षांत अमेरिकेभर पसरली. ज्या मुलांनी जन्मात 'आई' म्हटले नव्हते त्यांच्या बोटांखालून कविता, गणिते आणि आईवरील प्रेमाची वाक्ये येऊ लागली. ते वाक्य वाचून रडलेल्या आईला कोण दोष देईल?

पण ती वाक्ये खरोखर मुलांचीच होती काय? हे पाहण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक सेंटरमध्ये जी परीक्षा झाली ती योजणारे लोक शत्रुपक्षाचे नव्हते. तेथील कर्मचारी या पद्धतीवर श्रद्धा ठेवणारे होते आणि साशंकांची तोंडे बंद व्हावीत हीच त्यांची इच्छा होती. १२ स्वमग्न व्यक्ती आणि ९ साहाय्यक निवडण्यात आले. दोघांना शेजारी बसवून, एकमेकांचे चित्र दिसू नये अशी आडकाठी करून, चित्रे दाखविली जात: कधी दोघांना तेच, कधी निरनिराळी, कधी साहाय्यकाला काहीच नाही. समजा, मुलाने किल्ली पाहिली आणि साहाय्यकाने पेला, तर मुलाच्या बोटाने 'किल्ली' लिहावयास हवे. बोट 'पेला' लिही. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि साहाय्यकाला ठाऊक नसलेले एकही अचूक उत्तर त्यांत नव्हते. इतरत्र झालेल्या नियंत्रित परीक्षांनीही हाच कौल दिला, आणि १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही पद्धत शास्त्रसिद्ध नसल्याचा ठराव केला.

साहाय्यक खोटे बोलत होते काय? नव्हते, आणि हेच या प्रकरणातील सर्वांत करुण सत्य आहे. मनातील अपेक्षा आपल्या नकळत स्नायूंत उतरते आणि हात हलतो; १८५३ मध्ये मायकेल फॅरडेने फिरत्या मेजांच्या बैठकींत हेच सिद्ध केले होते, आणि आपल्याकडे प्लँचेटवर बोट ठेवून बसलेल्या सज्जनांनाही ते आपण हलवीत नाही याची शपथेवर खात्री असे. पण प्लँचेटने फार तर एक संध्याकाळ वाया जाते. येथे मात्र, ज्यांची शहानिशा झाली नाही अशा बोटांच्या साक्षीवरून आईबापांवर अत्याचाराचे आरोप झाले, मुले घरातून काढून नेण्यात आली. मेन राज्यातील अशा एका खटल्यात किल्ली-पेल्याच्या जातीची परीक्षा झाली, आणि ते शब्द आपलेच होते हे साहाय्यक बाईंच्या ध्यानी आले. पुढे त्यांनी ते जाहीरपणे कबूल केले आणि इतरांना सावध करण्याचे काम अंगावर घेतले. या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक आदर वाटतो तो त्या बाईंविषयी.

एवढ्यावर हा विषय संपला असता. परंतु त्याला नवे वळण मिळाले ते हिंदुस्थानातून. बंगळूर येथे राहणाऱ्या सोमा मुखोपाध्याय या रसायनशास्त्र शिकलेल्या मातेने आपला स्वमग्न मुलगा तितो याला, डॉक्टरांच्या निराशेकडे पाठ फिरवून, स्वतः शिकविले. त्याच्या बोटांत पेन्सिल टिकत नसे म्हणून ती रबराने हाताला बांधून अक्षरे गिरवून घेतली. तितो स्वहस्ते लिहू लागला, आणि २००० साली लंडनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने त्याचे 'बियॉन्ड द सायलेन्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. माता-पुत्र पुढे अमेरिकेस गेले आणि सोमाबाईंची रीत 'रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड' या नावाने प्रसिद्धीस आली. लहानसा पाठ सांगावयाचा, लगेच प्रश्न विचारावयाचा, कागदाच्या दोन चिटोऱ्यांवर दोन उत्तरे लिहून एक निवडावयास लावावयाचे, मुलाचे लक्ष ढळण्यापूर्वी पुन्हा बोलते करावयाचे, आणि क्रमाने अक्षरांच्या पाटीवर आणावयाचे. व्हर्जिनियातील एलिझाबेथ व्होसेलर यांची 'स्पेलिंग टू कम्युनिकेट' ही त्याच कुळातील पद्धत आज विशेष चलनात आहे.

या नव्या पद्धतींत मुलाच्या हाताला स्पर्श करीत नाहीत, आणि या भेदावर त्यांचा सारा भर आहे. परंतु पाटी साहाय्यक हवेत धरतो. जो हात पूर्वी मनगटाखाली होता तो आता पाटीमागे गेला. पाटीचा अंगुळभर कल, डोळ्यांचा इशारा, 'चालू ठेव' हा शब्द नेमक्या क्षणी उच्चारणे, यांतून मार्गदर्शन संभवते. २०१८ मध्ये अमेरिकेतील वाचा-उपचारकांच्या संघटनेने 'रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड'चा वापर करू नये असे स्पष्ट सांगितले, आणि २०१९ च्या एका पद्धतशीर समालोचनात कसोटीस उतरेल असा एकही अभ्यास आढळला नाही. २०२० साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ९ व्यक्तींच्या नेत्रचलनाचा अभ्यास करून, बोट पोचण्यापूर्वीच दृष्टी अक्षरावर जाते असे दाखविले. तो अभ्यास कसोशीने केलेला आहे. तथापि पाटी तेव्हाही दुसऱ्याच्याच हाती होती, आणि साहाय्यकाला अज्ञात असलेली गोष्ट विचारण्याची साधी परीक्षा त्यात घेतली गेली नाही. पुरस्कर्ते म्हणतात की परीक्षा घेणे हाच अपमान आहे. ही भावना मी समजू शकतो, पण मला ती मान्य नाही. दुसऱ्याचे शब्द एखाद्याच्या नावावर आयुष्यभर खपविले जावेत, त्याचे विवाह, उपचार, मालमत्ता यांचे निर्णय त्या शब्दांवर व्हावेत, आणि ते त्याचे नाहीत हे सांगण्यास त्याच्याजवळ वाचा नसावी, याहून मोठा अपमान कोणता?

पाटीचा द्वेष करण्याचे मात्र काहीच कारण नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांना मेंदूचा पक्षाघात आहे. त्या करंगळीने, एकेक अक्षर दाबून, स्वतः टंकलेखन करतात, आणि 'वन लिटल फिंगर' हे त्यांचे आत्मचरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रांच्या आधारे बोलते करणारे 'जेलो' हे साधन पवईच्या आयआयटीत तयार झाले असून ते मराठीतही उपलब्ध आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संभाषणाच्या व्याख्येत पर्यायी साधनांचा समावेश करून त्यांना कायदेशीर प्रतिष्ठा दिली आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणी अक्षरपाटीची शिकवणी देऊ केली तर पाटी मेजावर अगर भिंतीवर पक्की बसवावयास सांगा. शिक्षकाला खोलीबाहेर पाठवून मुलाला एखादी वस्तू दाखवा, आणि मग शिक्षकाला आत बोलावून मुलाला तिचे नाव पाटीवर दाखविण्यास सांगा. एकदा नव्हे, निरनिराळ्या दिवशी, मूल प्रसन्न असताना हे करा. उत्तर आले तर जगाला दाखवा. न आले तर मुलावर रागावू नका, त्याची योग्यता रतीभरही कमी झालेली नाही. ती पाटी बाजूला ठेवा, जाणत्या वाचा-उपचारकाकडे जा, आणि ज्या खुणेने, चित्राने वा कळीने ते स्वतःहून काही मागू शकते तेथून आरंभ करा.