जंतूंच्या विद्येचा प्रवास : मुंबई, म्हैसूर, पिंपरी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीविषयी आम्ही काही लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेले वर्षभर आमच्या बोगादीच्या घरात निराळ्याच विषयाने ठाण मांडले आहे. आमच्या कन्येने जवळच मानसगंगोत्रीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि गुहागरहून आमच्या वडीलबंधूंचा फोन आला, "अरे, जंतू शिकून पोरगी करणार काय?" आम्ही पडलो बी.ए. उत्तर सुचेना. ते शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ही विद्या आपल्याकडे केवळ पुस्तकांतून आली नाही. ती ओस पडलेल्या घरांतून आली. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 1897 च्या मार्चमध्ये निवर्तल्या, हे आपण जाणतोच. त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू संशोधक प्लेगची लस तयार करीत होता. त्याची कृती वाचून आम्हांस आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. बोकडाच्या मांसाच्या रश्शात तो प्लेगचे जंतू वाढवी आणि वर तुपाचे थेंब सोडी. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबे. ती उष्णता देऊन मारली की लस तयार. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्याच अंगी टोचून घेतली.

पुढे 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या परळ येथील प्रयोगशाळेवर आला आणि त्याला कामावरून दूर व्हावे लागले. बाटली परळात नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होण्यास 1907 साल उजाडले. कन्या प्रयोगशाळेतून आल्यावर हात कोपरापर्यंत धुते, तारेचे टोक प्रत्येक वेळी ज्योतीत लाल करावे लागते असे सांगते, तेव्हा आम्ही पूर्वी हसत असू. मुलकोवालची हकिकत वाचल्यापासून हसत नाही.

1898 साली प्लेग म्हैसूर संस्थानात पोहोचला. बंगळुरातील प्लेगच्या छावण्यांत ज्यांनी जिवावर उदार होऊन काम केले, त्या डॉ. पल्पूंना त्यांच्या त्रावणकोरने जातीपायी नोकरी नाकारली होती. परमुलखात येऊन त्यांनी परमुलखाची सेवा केली. म्हैसूर नगरीत 1903 साली नगरसुधारणा मंडळ स्थापन होऊन दाट वस्त्या मोकळ्या होऊ लागल्या. आज ज्या रुंद रस्त्यांचे आपण पाहुण्यांपुढे कौतुक करतो, त्यांमागे असा दुःखाचा इतिहास आहे.

वडीलबंधूंना मात्र प्लेगपेक्षा सुपारी जवळची. आमच्या बागेत पावसाळ्यात कोवळी फळे कुजून गळतात. त्यास आपल्याकडे कोळेरोग म्हणतात. हा शब्द कानडी आहे, कोळे म्हणजे कुजणे, हे म्हैसुरास येईपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते! 1908 साली म्हैसूर सरकारच्या सेवेत आलेल्या लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने या रोगाचा छडा लावून 1910 साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव, फायटोप्थोरा. त्यावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारण्याचा उपाय कोलमनने बागाइतदारांच्या गळी उतरवला. तीच फवारणी आमचे बंधू आजही दर पावसाळ्यात करून घेतात.

आता मुलींविषयी. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई (पुढे सोहोनी) 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. वडील आणि काका तेथलेच रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या हटल्या नाहीत तेव्हा वर्षभराच्या अटींवर दिला. त्यांचा विषय जीवरसायन, आमच्या कन्येच्या विषयाचा सख्खा शेजारी. 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. रामन यांच्याविषयी आम्हांस परम आदर आहे. पण या प्रकरणी ते चुकले, असेच आम्ही म्हणू.

महाराष्ट्रातून विद्या इकडे आली, तशी इकडून तिकडेही गेली. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तेथील संशोधनाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे कर्नाटकातले. पिंपरीच्या मातीत त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. गावावरूनच त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून बुरशीजन्य विकारांवर जे औषध निघाले, त्यास कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हणतात. त्याची वार्ता 1961 साली प्रसिद्ध झाली. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे दुसरे औषधही त्यांच्याच हातचे. पिंपरी-चिंचवडच्या मातीचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत नेले ते एका कानडी गृहस्थांनी!

ही सारी हकिकत आम्ही वडीलबंधूंना फोनवर ऐकवली. कोळेरोगापाशी त्यांनी आम्हांस थांबवले आणि फोन कन्येकडे देण्यास सांगितले. या वर्षी मिश्रण मारूनही फळे गळतात ती का, हे ते तिला विचारू लागले. कन्येने प्रथम, "काका, चुना ताजा होता का? फवारल्यावर लगेच पाऊस आला का?" असे विचारले, मग कुजू लागलेली चार फळे स्वच्छ कागदी पिशवीत घालून पाठवा, हात न लावता, असे बजावले. पिशवी परवाच टपालाने बोगादीस आली आहे.