'महागाई घटली' या वाक्याचा अर्थ

मराठीत 'महागाई' हा शब्द आहे, 'स्वस्ताई'ही आहे. परंतु या दोहोंमधल्या एका अवस्थेला बोलीत नाव नाही. या अवस्थेत भाव चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग मंदावलेला असतो. अर्थशास्त्र तिला 'डिसइन्फ्लेशन' म्हणते. वर्तमानपत्रे 'महागाई घटली' असे लिहितात आणि वाचक स्वस्ताईची वाट पाहू लागतो. भाव प्रत्यक्ष उतरणे, म्हणजे 'डिफ्लेशन', ही निराळी गोष्ट. महामंदीच्या काळात, १९२९ ते १९३३ या वर्षांत, अमेरिकेतील किरकोळ भाव सुमारे एक चतुर्थांशाने कोसळले, ते डिफ्लेशन होय.

डिसइन्फ्लेशनचे ठळक उदाहरणही अमेरिकेचेच आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर हे फेडरल रिझर्व्ह या तेथील मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले. मार्च १९८० मध्ये महागाईचा वार्षिक दर १४ टक्क्यांच्या वर गेला होता. व्होल्कर यांनी पैशाच्या पुरवठ्याला लगाम घातला. १९८१ मध्ये बँका एकमेकींना ज्या दराने अल्पमुदतीची कर्जे देतात, तो दर २० टक्क्यांच्या आसपास पोचला. १९८३ मध्ये महागाईचा सरासरी दर ३.२ टक्क्यांवर आला. तरीही १९८० साली १०० डॉलरना मिळणाऱ्या वस्तूंसाठी १९८३ साली सुमारे १२१ डॉलर मोजावे लागत होते. दर उतरला, भाव नव्हे.

तो उतरवण्याचे मोल कोणी दिले, हा खरा प्रश्न आहे. कर्जे महागली, घरबांधणी आणि मोटारउद्योग थंडावले. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. घरे बांधणाऱ्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने बँकेकडे धाडले. कर्जात बुडालेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तिच्या दाराशी आले. अनावर महागाईत सामान्यांची बचत झिजते, हे मान्य करूनही या उपायाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हे नाकारता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्रियापदाकडे पाहावे. 'घटली' हे अकर्मक क्रियापद आहे. ते वाचताना महागाई जणू ओहोटीच्या पाण्यासारखी आपसूक ओसरल्याचा भास होतो. 'घटवली' म्हटले, की कोणी घटवली आणि कोणाच्या रोजगाराच्या बदल्यात, हे विचारणे भाग पडते. व्होल्कर यांच्या काळाचा इतिहास या दुसऱ्या क्रियापदातच लिहावा लागतो.