रंगाची साक्ष

बोईसरच्या एका कारखान्यासाठी संगणकाचा पडदा तयार करणारा आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटीस आला. बटणांवरची नावे त्याला मराठीत हवी होती. बोलता बोलता त्याने विचारले, ‘‘सर, पंप चालू असल्याची खूण हिरवी ठेवू की तांबडी?’’ हा प्रश्न भाषेचा नव्हे, असे म्हणून आम्ही तो टाळू शकलो असतो. पण शब्द आणि अर्थ यांचे नाते शिकवणाऱ्यांनी रंग आणि अर्थ यांच्या नात्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस पटेना.

जवळच्याच तारापूर अणुविद्युत केंद्रात ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या. त्या काळी नियंत्रण-फलकावरचा रंग बदलणे म्हणजे दिव्यावरची काच बदलणे. अमेरिकी वीजउद्योगाच्या प्रथेत तांबडा दिवा म्हणजे प्रवाह चालू, हिरवा म्हणजे बंद. रस्त्यावरच्या सिग्नलच्या सवयीला हे उलटे वाटते. पण जिवंत तारेपाशी उभ्या असलेल्या माणसाला धोका प्रवाह चालू असतानाच असतो.

पुढे फलक पडद्यावर आला आणि रंग काचेतून सुटला. १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेल्या ‘एक्स’ खिडकीप्रणालीत बटणाचा रंग साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येई. म्हणजे कार्यक्रम लिहिणाऱ्याची निवड वापरणाऱ्याला मोडता येई. बर्कलीच्या जॉन औस्टरहाउट यांनी घडवलेल्या ‘टीके’ या टूलकिटने हे काम आणखी सोपे केले. प्रत्येक विजेटला मागचा रंग आणि पुढचा रंग. आमच्या भागातल्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. वारली भिंतीवरचा गेरू हा मागचा रंग, तांदळाच्या पिठाची रेघ हा पुढचा. याशिवाय माऊसचा बाण बटणावर आला असतानाचा एक रंग आणि बटण निष्क्रिय असतानाचा एक. रंगांना ‘निळा’, ‘करडा’ अशी नव्हे, तर कामावरून नावे मिळाली, ही आमच्या मते या इतिहासातली मोठी पायरी.

‘टीके’ची जुनी विजेटे फिकट तपकिरी दिसत. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीत ती करडी झाली. मात्र जुन्या रंगाची सवय झालेल्यांसाठी तो परत आणणारी एक आज्ञा मुद्दाम ठेवली गेली. सवयीचा एवढा मान आम्हांस कौतुकास्पद वाटतो. २००७ च्या ८.५ आवृत्तीत नवी विजेटे आली आणि एकेका बटणाला थेट रंग देण्याची सोय त्यांत उरली नाही. रंग शैलीत सांगायचा. आणि विंडोज किंवा मॅकच्या स्वतःच्या शैलीत बटण रंगवणार ती प्रणालीच. देखणेपण व एकसारखेपणा आला, पण त्यासाठी स्वातंत्र्य आक्रसले.

मग रंगाचा अधिकार कोणाचा? रंग आवडीचा असेल तर वापरणाऱ्याचा, यात शंका नाही. पण रंग जेव्हा साक्ष देतो, तेव्हा प्रश्न बदलतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकली. फलकावरचा दिवा विझला, म्हणून झडप मिटली असे कर्मचाऱ्यांनी मानले. वस्तुतः तो दिवा झडप मिटण्याची आज्ञा गेल्याचे सांगत होता, ती मिटल्याचे नव्हे. दोन तासांहून अधिक काळ शीतक वाहून जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले. त्या कारखान्यात आजवर जो रंग ‘चालू’ मानला गेला, तोच ठेव. बटण दाबताच तो बदलू नकोस. पंप फिरू लागल्याची खूण परत आल्यावरच बदल. आणि रंगाशेजारी ‘चालू’, ‘बंद’ हे शब्द असू देत. तांबडे-हिरवे वेगळे न दिसणाऱ्या कामगाराला शब्द उपयोगी पडेल; मराठी वाचता न येणाऱ्या, दूरच्या प्रांतातून आलेल्या कामगाराला रंग.

तो हसून म्हणाला, ‘‘म्हणजे नावांसाठी आलो ते बरेच झाले.’’