बेताच्या प्राप्तीच्या माणसाचे मुंबईतील घर

यंदाच्या स्मरणिकेसाठी मुंबईतील चाळींवर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हास केली. चाळीवरचे लेखन म्हटले की गणेशोत्सव, सज्जातल्या गप्पा आणि सामाईक नळावरची भांडणे यांचे वर्णन वाचकांच्या हाती पडते. ते गोड असते, आणि आमच्याही बालपणाचे आहे. परंतु ती चाळ कोणी बांधली, कोणासाठी बांधली, भाडे कोणत्या हिशेबाने ठरविले, आणि ज्याच्यासाठी ती बांधली तोच तीत राहिला की नाही, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या जुन्या इमारतीची पुनर्बांधणी होऊ घातली आहे. नव्या इमारतीतील काही घरे बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांस अल्प भाड्याने द्यावीत, की ती विकून येणारी रक्कम विद्यार्थी-निधीत घालावी, असा वाद सभासदांत चालू आहे. अशा वेळी मागे काय घडले ते पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हास वाटते.

गोष्टीचा आरंभ प्लेगापासून करावा लागतो. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगाचा पहिला रोगी ओळखला, आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. अंधाऱ्या, कोंदट, दाटीच्या वस्तीत रोग बळावतो हे सरकारच्या ध्यानी आले, व 1898 साली कायद्याने मुंबई शहर सुधार ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, आणि आग्रीपाडा, परळ इत्यादी ठिकाणी चाळी बांधल्या. मात्र या कामात पाडापाडीचा वेग बांधणीहून अधिक होता. ज्यांची घरे पाडली ते सर्वच नव्या चाळीत गेले असे मुळीच नाही. पुष्कळसे शेजारच्या आळीत गेले आणि तेथील दाटी वाढली. 1911 च्या शिरगणतीच्या वेळी शहरातील निम्म्याहून पुष्कळ अधिक लोक एकेका खोलीच्या घरात राहत होते.

तथापि ट्रस्टच्या चाळींना केवळ नावे ठेवणे न्याय्य होणार नाही. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. तेथे त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या, एक कुटुंबाच्या राहण्याची व दुसरी अभ्यासाची. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या स्वतःच्या वास्तूत राहावयास गेले. ती वसाहतही त्याच ट्रस्टच्या आखणीतून निघालेली होती. एकाच संस्थेने गिरणी कामगाराची खोली आणि मध्यमवर्गीयाचा भूखंड, दोन्ही आखले. परंतु एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट तिने आखली नव्हती. ती ज्याने त्याने आपल्या कर्तबगारीने शोधावयाची होती.

यानंतरचा मोठा उद्योग गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीतला. 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या चाळी बीडीडी चाळी म्हणून आजतागायत ओळखल्या जातात. संकल्प 50,000 खोल्यांचा होता. प्रत्यक्षात 207 चाळी उभ्या राहिल्या : वरळीस 121, नायगावास 42, डिलाइल रोडला 32 आणि शिवडीस 12. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि संडास मजल्यागणिक सामाईक. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर जकात बसविली होती, म्हणजे कामगाराच्या घरास गिरणीच्या कच्च्या मालाने हातभार लावावा अशी योजना. कागदावर ती सुरेख होती.

पण चाळी बांधून झाल्या आणि खोल्या रिकाम्या राहिल्या! ज्या शहरात माणसे जिन्याखाली निजत होती त्याच शहरात हजारो खोल्यांना कुलपे होती. कारण साधे होते. भाडे कामगाराच्या मिळकतीस झेपत नव्हते, वरळी त्या काळी गिरण्यांपासून आडबाजूस पडे, आणि उघड्या सिमेंटच्या त्या खोल्यांत संसार थाटण्यास कोणाचे मन घेत नव्हते. 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला व सत्याग्रह्यांना तेथे कोंडले. गरिबाच्या नावाने बांधलेल्या घरात गरीब आपण होऊन आला नाही, त्याला पोलिसांनी आणून ठेवले, हा योगायोग आमच्या वर्गातील मुलांना आम्ही दरवर्षी सांगत असू. पुढे भाडी उतरली, वस्ती वाढली, ट्राम-बसची सोय झाली, आणि त्याच चाळी माणसांनी फुलून गेल्या. कोकणातील, घाटावरील, सर्व जातींची कुटुंबे तेथे आली. एकेका खोलीत गाववाल्यांचे आठ-दहा बिऱ्हाडकरू राहू लागले.

याच सुमारास दुसरा एक प्रयोग गावदेवीत चालला होता. उत्तर कानडा, मंगळूर या बाजूंनी नोकरीसाठी आलेल्या सारस्वत कारकून मंडळींना मुंबईत बिऱ्हाड मिळेना. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी 1906 साली शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी उभी केली होती. त्यांच्याच पुढाकाराने 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची घरे उभी राहिली. देशातील सहकारी घरबांधणीच्या आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते. येथील युक्ती अशी की, घर सभासदाचे नव्हे, तर संस्थेचे. सभासद भाग घेतो, संस्थेला भाडे देतो, आणि तोच भाडेकरू व तोच मालकांपैकी एक असतो. भाडे वाढविण्याचा ठराव आणि ते भरणारा हात एकाच माणसाचा असल्यामुळे दुरुस्तीस पैसा लागतो हे कोणास पटवून द्यावे लागत नव्हते. पारशी समाजात जेरबाई वाडिया यांनी लालबागचा नवरोज बाग आणि त्यापुढील बागा बांधून अल्प प्राप्तीच्या पारशी कुटुंबांस स्वस्तात जागा दिल्या. तेथे दानधर्माचा पाया होता, गावदेवीस सहकाराचा. आपल्या वादात या दोन्ही गोष्टींचे दाखले दिले जातात, पण त्या एक नव्हेत, हे ध्यानात असू द्यावे.

आता भाडेनियंत्रणाकडे वळू. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा 1918 साली पहिला कायदा झाला. आपल्या पिढीस परिचित तो 1947 चा. त्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हे प्रमाणभाडे ठरविले. युद्धोत्तर काळात, फाळणीनंतरच्या लोंढ्यात, या कायद्याने असंख्य कुटुंबांचे छप्पर वाचविले, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. भाडे एका वेळच्या भाजीच्या किमतीवर आले. घरमालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने खोली सोडताना पागडी घेतली, आणि गरिबासाठी राखलेली स्वस्त खोली पागडी मोजू शकणाऱ्याच्या हाती गेली. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविला. अशा उपकरप्राप्त इमारती 19 हजारांहून अधिक निघाल्या, यावरून पडझडीची कल्पना यावी. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. मग 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने वर्षास 4 टक्के भाडेवाढीस वाव दिला आणि पागडीलाही मान्यता दिली.

येथवर आपण पाहिले त्यात एक गोष्ट कोठेच आली नाही : राहणाऱ्याचे उत्पन्न. पूर्वी भाडे हीच परीक्षा होती. ज्याला झेपेल तो येई. उत्पन्नाची मर्यादा लेखी घालून घर देण्याची रीत रुळली ती स्वातंत्र्यानंतर. 1949 पासून मुंबई गृहनिर्माण मंडळ काम करू लागले, 1952 साली औद्योगिक कामगारांसाठी केंद्राची अर्थसाह्याची योजना निघाली, आणि 1954 साली अल्प उत्पन्न गट योजना आली. तीत वर्षास 6,000 रुपयांपर्यंत प्राप्ती असणारा पात्र धरला होता. घाटकोपरचे पंतनगर, चेंबूरचे टिळकनगर, विक्रोळीची टागोरनगर व कन्नमवारनगर या वसाहती मंडळाच्या याच कार्यातून उभ्या राहिल्या. आमच्या पेशातील कितीतरी शिक्षक, पोस्टमन, गिरणीतील जॉबर यांची मुले तेथे शिकून मोठी झाली. मात्र उत्पन्न मोजले ते दारात, आणि तेही एकदाच. मुलगा कमावता झाला, घरात दुप्पट-तिप्पट पैसा आला, तरी गाळा त्याच कुटुंबाचा राहिला. आम्ही त्यांना दोष देत नाही. कोणता बाप पगार वाढला म्हणून बायको-मुलांसह रस्त्यावर येईल? पुढे बहुतेक गाळे मालकी हक्काने दिले गेले, सहकारी संस्था झाल्या, आणि आज तेथे मनोरे उठत आहेत. मूळ कुटुंबांचे कल्याण झाले, हे खरेच. पण नव्याने गरीब झालेल्या, किंवा काल गावाहून आलेल्या माणसासाठी त्या जागी एकही खोली शिल्लक राहिली नाही.

1977 साली मंडळाच्या जागी म्हाडा आले. आता सोडतीने घरे मिळतात. 2022 साली सुधारलेल्या मर्यादेप्रमाणे मुंबईत वर्षास 6 लाखांपर्यंतच्या कुटुंबास अत्यल्प व 9 लाखांपर्यंतच्या कुटुंबास अल्प उत्पन्न गटात धरले गेले. 2024 च्या सोडतीत 2,030 घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. हे घर विकत घ्यावयाचे असते, भाड्याचे नव्हे. तेव्हा ज्याचे उत्पन्न मर्यादेच्या आत, त्याला बँक पुरेसे कर्ज देत नाही, आणि ज्याला कर्ज मिळते त्याचे उत्पन्न मर्यादेबाहेर जाते. आमच्या एका सहशिक्षकांचे असेच झाले. त्या वर्षी वेतन आयोगाची थकबाकी हाती पडली व ती उत्पन्नात धरली गेली. दुसऱ्या वर्षी पगार मूळ पदावर आला, पण सोडत होऊन गेली होती. याच्या उलट शिवणकाम करणाऱ्या, डबे पोहोचविणाऱ्या माणसाकडे पगारपत्रक नसते. त्याला तहसीलदाराच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 साली झाले, आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या जागी 500, आणि तीही मालकी हक्काने. शंभर वर्षांत प्रथमच संडास घरात आला. त्या बातमीने आमचे डोळे पाणावले, हे सांगावयास आम्हास संकोच नाही. इतकेच मनात येते की, भाड्याच्या 16 हजारांवर खोल्यांचा तो साठा आता भाड्याचा राहणार नाही.

तेव्हा आपल्या इमारतीविषयी. आमचे मत घरे विकू नयेत असे आहे. विद्यार्थी-निधी वर्गणीतून वाढू शकेल, गावात भाड्याची खोली पुन्हा उभी राहणार नाही. मात्र घरे ठेवावयाची तर गावदेवीच्या रीतीने ठेवावीत. मालकी संस्थेची असावी. घर वारसाने आपोआप जाऊ नये. उत्पन्न दर तीन वर्षांनी पाहावे, आणि ते वाढल्यास कुटुंबास बाहेर न काढता भाडे बाजारभावाकडे पायरीपायरीने न्यावे, म्हणजे त्याच पैशांत दुसऱ्या घराचे भाडे कमी ठेवता येईल. उद्वाहन, पाणी, पहारेकरी, पालिकेचा कर यांचा खर्च पहिल्याच दिवशी भाड्यात धरावा. वीस वर्षांनंतर दुरुस्तीसाठी पुन्हा वर्गणीची पत्रे छापावयास लावू नये.

आणखी एक मुद्दा काहींना रुचणार नाही. घरे ज्ञातिबांधवांपुरतीच असावीत काय? 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरते ठेवण्याचा उपविधी मान्य केला, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही असे सांगितले जाते. परंतु आपल्या सभागृहाची झाडलोट करणारे, लग्नकार्यात पाणी भरणारे, दारावर बसणारे लोक तीस-तीस वर्षे आपल्याबरोबर आहेत, आणि ते ज्ञातीचे नाहीत. त्यांतले बहुतेक पहाटे विरार-कल्याणहून निघतात. दोन घरे त्यांच्यासाठी असावीत अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे.

ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. जुन्या इमारतीच्या भाडेवह्या कार्यालयातील कपाटात आहेत. जमलेले भाडे आणि झालेली दुरुस्ती यांचा मेळ ज्यांना स्वतः पाहावयाचा असेल त्यांनी सभेपूर्वी चिटणिसांकडून त्या मागून घ्याव्यात. कागद जीर्ण झाला आहे, पाने जपून उलटावीत.