ठिगळ आणि लिप्यंतर : पीएचपी भाषेतील एका भगदाडाचा इतिहास (२००४–२०२४)

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत मोडी कागद वाचावयास बसणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच एका अडचणीला तोंड द्यावे लागते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. देवनागरीत मात्र तो पाळावा लागतो. कागदावरील अक्षर एकच असते. पण ‘दिन’ लिहावयाचे की ‘दीन’, हे लिप्यंतरकाराला ठरवावे लागते. संदर्भ पाहून त्याने ते ठरविले, तर पाठ शाबूत राहतो. सवयीने जवळचे अक्षर लिहून टाकले, तर पाठात चूक शिरते आणि पुढील नकलेत ती मूळ पाठ म्हणून मिरवू लागते. वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या दप्तरांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना यात नवे असे काही नाही. तथापि नकलाकाराची हीच चूक एका संगणकीय भाषेच्या सुरक्षिततेला कशी भोवली, याचा इतिहास मात्र भाषेच्या अभ्यासकांच्या नजरेस फारसा आलेला नाही.

ती भाषा म्हणजे पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली. संकेतस्थळांची पाने सिद्ध करणे हे तिचे मुख्य कार्य. या भाषेतील मजकूर संगणकाला आपण होऊन कळत नाही; तो वाचून अमलात आणणारी एक यंत्रणा मध्ये असावी लागते. तिला रनटाइम म्हणतात. एखाद्या कार्यक्रमात दोष असला, तर तो त्या कार्यक्रमापुरता राहतो. रनटाइममध्येच भगदाड असले, तर त्याच्या आश्रयाने चालणारे निर्दोष कार्यक्रमही उघडे पडतात. म्हणून रनटाइमच्या दुरुस्तीला, म्हणजे रूढ शब्दांत पॅच किंवा ठिगळ लावण्याला, विशेष महत्त्व आहे.

पीएचपीच्या रनटाइमकडे काम दोन वाटांनी येते. यंत्रापाशी बसलेला चालक आज्ञापंक्तीवर हुकूम देतो, ही पहिली वाट. दूरच्या वाचकाची मागणी वेब सर्व्हर पोचवितो, ही दुसरी. पहिल्या वाटेने येणाऱ्या हुकमात हायफनने आरंभ होणाऱ्या काही खुणांना मोठे अधिकार आहेत. एका खुणेने कार्यक्रमाचा मूळ मजकूर उघड होतो, तर दुसरीने रनटाइमचे नियमच बदलता येतात. हे अधिकार घरच्या माणसाचे होत. परक्याच्या हाती ते जाता कामा नयेत. परंतु सर्व्हर आणि कार्यक्रम यांच्यातील सीजीआय नावाच्या जुन्या संकेताप्रमाणे, पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरात बरोबरीचे चिन्ह नसेल, तर सर्व्हरने तो मजकूर आज्ञापंक्तीवरील शब्दांच्या रूपाने पुढे द्यावयाचा असतो. परक्याचे बोलणे घरच्याच्या आवाजात ऐकू यावे, अशी ही तरतूद! म्हणूनच पीएचपीत पूर्वी एक पहारा होता : मागणी सर्व्हरच्या वाटेने आली असेल, तर या खुणा वाचावयाच्याच नाहीत.

२००४ साली हा पहारा अडचणीचा ठरला. रनटाइमची नित्य तपासणी करणाऱ्या चाचण्यांना याच खुणांची गरज होती आणि पहारा त्यांच्या आड येत होता. ही तरतूद का केली होती, हे कोणाला आठवते काय, असे लेरडॉर्फ यांनी सहकाऱ्यांना विचारले. तिला काही तरी कारण असलेच पाहिजे, हेही त्यांनी बोलून दाखविले होते. पुढे पहारा निघाला. येथे कोणाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. नियम टिकला होता आणि नियमाचे कारण हरवले होते. ज्या ओळीचे प्रयोजन कोणी जवळ लिहून ठेवलेले नाही, ती ओळ अडगळ वाटू लागते, हा अनुभव ग्रंथसंपादकांनाही आहे.

भगदाड उघडकीस येण्याचा प्रसंग गोव्याशी निगडित आहे. गोव्यात भरणाऱ्या नलकॉन या संगणक-सुरक्षा परिषदेच्या निमित्ताने हॅकिम नावाची स्पर्धा होत असे. जानेवारी २०१२ मध्ये या स्पर्धेत उतरलेल्या आइंडबाझेन या डच संघाने स्पर्धेच्या गुणफलकाच्या पत्त्यापुढे हायफनयुक्त एक खूण जोडून पाहिली आणि रनटाइमने ती आज्ञा म्हणून पाळली. आठ वर्षे कोणाच्या लक्षात न आलेला दोष एका खेळात सापडला. संघाने पीएचपीच्या चालकांना त्याच महिन्यात कळविले. परंतु ठिगळ तयार होण्यापूर्वीच, ३ मे रोजी, त्रुटीची अंतर्गत नोंद चुकून सर्वांना खुली झाली. त्याच दिवशी घाईने ५.३.१२ आणि ५.४.२ या आवृत्त्या काढण्यात आल्या. ते ठिगळ अपुरे ठरले. ८ मे रोजी ५.३.१३ आणि ५.४.३ काढाव्या लागल्या.

या दुरुस्तीचे स्वरूप नीट पाहण्याजोगे आहे. जुना पहारा विचारीत असे, ‘मागणी कोणत्या वाटेने आली?’ नवे ठिगळ विचारू लागले, ‘मजकुराचे पहिले अक्षर कोणते?’ ते हायफन असेल, तर खुणा वाचावयाच्या नाहीत. एरवी वाचावयास हरकत नाही. वाटेवरचा पहारा जाऊन अक्षरावरचा पहारा आला. अक्षर सर्वांना सारखेच दिसते, हे त्यामागील गृहीत बारा वर्षे कोणी तपासले नाही.

ते गृहीत चुकीचे असल्याचे तैवानच्या डेव्हकोअर या संस्थेतील संशोधक ऑरेंज त्साय यांनी २०२४ साली दाखविले. युनिकोडमधील एखादे अक्षर जुन्या संकेतावलीत नसेल, तर विंडोज त्याच्या जागी जवळात जवळचे अक्षर घालते. या पद्धतीला बेस्ट-फिट म्हणतात. मराठीत तिला नकलाकाराची सवय म्हणता येईल. ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे सुचविणारे, एरवी न दिसणारे मृदु-हायफन हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. चिनी व जपानी भाषांच्या जुन्या संकेतावल्यांत त्याला स्थान नसल्याने त्याचे साधे हायफन होते. एकाच मजकुराच्या दोन प्रती रनटाइमकडे येत : एक सर्व्हरने दिली तशी, दुसरी लिप्यंतर होऊन आज्ञापंक्तीवर. ठिगळाने पहिली प्रत तपासली, तीत हायफन नव्हते. अंमल झाला तो दुसऱ्या प्रतीवर, आणि तीत ते होते.

डेव्हकोअरने ७ मे २०२४ रोजी हा दोष कळविला. ६ जून रोजी ८.३.८, ८.२.२० आणि ८.१.२९ या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. दोनच दिवसांत, ८ जूनपासून, खंडणीखोरांच्या एका टोळीने ज्यांनी ठिगळ लावले नव्हते त्यांच्यावर हल्ले सुरू केले. ८.० आणि त्यापूर्वीच्या मालिकांची देखभाल तत्पूर्वीच थांबली असल्याने त्यांना ठिगळ मिळालेच नाही. सप्टेंबरात विंडोजच्या काही अनवट संकेतावल्यांत हे ठिगळही चुकविता येते, असे आढळले आणि आणखी एक दुरुस्ती करावी लागली.

मराठीला विंडोजमध्ये आरंभापासून युनिकोडचाच आधार आहे. चिनी-जपानीप्रमाणे तिची जुनी संकेतावली तेथे नाही. पण तेवढ्यावरून निर्धास्त राहणे बरोबर नव्हे. इतर भाषांच्या यंत्रांवर धोका नाहीच, अशी ग्वाही डेव्हकोअरने दिली नव्हती. आणि विद्यार्थ्यांच्या वापरातील झॅम्प या संचाची विंडोजवरील मूळ मांडणी असुरक्षित असल्याचेही तिने सांगितले होते. जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळेतील यंत्र असो की तैपेईतील, प्रश्न तेच राहतात : रनटाइमची आवृत्ती कोणती, आणि तिची देखभाल अजून कोणी करीत आहे काय?

या वीस वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष भाषाभ्यासकाला अपरिचित नाही. ठिगळे अक्षराला लागत गेली. भोक लिप्यंतराच्या जागी होते. आणि मूळचा पहारा गेला, तो त्याचे कारण नोंदलेले नसल्यामुळे. संशोधित आवृत्तीचा संपादक पाठ स्वीकारतो तेव्हा कोणत्या प्रतीवरून आणि का स्वीकारला, हे तळटीपेत लिहितो. पुढच्या संपादकाला तो पाठ बदलावयाचा झाला, तर आपण काय मोडीत आहोत हे त्याला आधी कळते. रनटाइमच्या दुरुस्तीतही ती तळटीप दुरुस्तीचाच भाग मानावी लागेल.