खर्जाची पाठचिकित्सा

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, म्हणजे जोतिबाला, ज्यांनी सासनकाठ्या नाचताना पाहिल्या आहेत त्यांना हा अनुभव असेल : तिथला ढोल आधी छातीत उतरतो आणि मग कानावर येतो. हलगीची टिपरी, पिपाणी, 'चांगभलं'चा गजर हे सारे कानाचे विषय. ढोलाचा खर्ज मात्र अंगाने ऐकायचा. त्या यात्रेचे मी केलेले एक ध्वनिमुद्रण घरच्या स्टिरिओवर लावले तेव्हा हा खर्ज हरवला होता असे म्हणता येणार नाही. उलट तो जास्तच झाला होता. ढोलाचे दोन निराळे ठोके एकमेकांत मिसळून त्यांचा एक अखंड गुरगुराट झाला होता. कमी पडले असते तर बटण फिरवून वाढवता आले असते. जे जास्त झाले आहे त्यातले मूळचे किती आणि नंतरचे किती, हा प्रश्न निराळा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटावा. हा प्रक्षेपाचा प्रश्न आहे.

यंत्रातून येणारा खर्ज 'जसाच्या तसा' कधीच नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कर्ण्यासमोर गाऊन मेणावर आवाज कोरण्याच्या काळात खालचे स्वर तबकडीवर उमटतच नसत. डग्ग्याचा घुमारा गाळूनच गाणे घरोघर पोचले. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले, मायक्रोफोन आला, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. स्वर जितका खालचा, तितकी सुईची आडवी हालचाल मोठी. खर्ज पूर्ण जोराने कोरला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसणार. म्हणून कोरताना खर्ज ठरावीक प्रमाणात कापायचा आणि वाजवताना तितकाच वाढवून द्यायचा, अशी तडजोड झाली. कापण्याचे प्रमाण मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे होते, काही वेळा एकाच कंपनीचेही काळानुसार वेगळे. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका-उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे 'आरआयएए'ने, एक सामाईक वक्र ठरवला. त्यात २० हर्ट्झपाशी वाजवताना सुमारे १९ डेसिबलची भर घालावी लागते.

याचा आपल्याशी संबंध काय? कोल्हापूर दरबारात शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी पुढच्या पिढ्यांनी बव्हंशी केसरबाई, मोगूबाई आदी शिष्यांच्या गळ्यातून ऐकली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी ती तबकड्यांवरून ऐकली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला आज कोणी १९५४ चा वक्र लावून तिचे संगणकीय रूप केले, तर त्यातल्या डग्ग्याचा आणि तंबोऱ्याच्या खर्जाचा तोल मूळचा राहत नाही. ऐकणारा मात्र तोच तोल त्या काळाचा समजतो. वर 'जुन्या ध्वनिमुद्रणाचा गोडवा' म्हणून त्याचे कौतुकही होते! हस्तलिखिताच्या लेखनिकाने केलेल्या चुकीला कवीची शैली मानण्यासारखेच हे आहे.

बोलपटांची कथाही फार वेगळी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि तिथेच तयार झालेला 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ साली आला. फिल्मच्या काठावर प्रकाशाने लिहिलेला तो आवाज वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना आखूड होता.

ज्याला आपण 'इक्वलायझर' म्हणतो त्याचा जन्म संगीतात झालेला नाही. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेत उंच स्वर जास्त क्षीण होतात, खालचे कमी. ही विषमता भरून काढून सर्व स्वरांना सारखे करणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. नावात 'समीकरण' आहे ते या अर्थाने. पुढे ते नभोवाणीत, चित्रपटात, स्टुडिओत आले. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा अधिक कमी ऐकू येतो. (अनेक अॅम्प्लिफायरवर असलेले 'लाउडनेस'चे बटण हे त्या संशोधनाचे घरगुती रूप. शेजाऱ्यांच्या भीतीने हळू लावलेला ढोल पोकळ वाटतो, त्याचेही कारण हेच.) १९७२ साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी मांडलेल्या 'पॅरामेट्रिक' पद्धतीमुळे कोणत्या स्वरापाशी, किती रुंदीचा, किती खोल काप घ्यायचा, हे तिन्ही स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागले. आवाज आकड्यांत आल्यावर हीच गोष्ट संगणकीय गणिताने अत्यंत अरुंद आणि नेमकी करता येऊ लागली. कुऱ्हाडीच्या जागी सुरी आली म्हणा.

या सुरीची घरात गरज का पडते? कारण शेवटचा लेखनिक आपली खोली असते. माझी खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. ज्या लहरीची अर्धी लांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराएवढी असते, ती लहर खोलीत अडकून राहते. बारा फुटांना हा स्वर ४७ हर्ट्झचा, दहा फुटांना साडेछप्पन्नचा. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने साडेछप्पन्न हर्ट्झला दुहेरी बळ मिळते, आणि नेमका तिथेच माझ्या मुद्रणातला ढोल वाजतो. ढोलियाचा हात थांबला तरी खोली थांबत नाही. एवढ्या आकाराच्या खोलीत साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली आपण स्पीकरइतकेच भिंतींनाही ऐकत असतो.

पण मुद्रणात दुसराही एक घुमारा आहे. पायऱ्यांच्या वाटेवरून मिरवणूक देवळाच्या आवारात शिरते तेव्हा ढोलाचा आवाज बदलतो. मोकळ्या डोंगरावर तो सुटा, कोरडा असतो; आवारात काळा दगड त्याला उत्तर देऊ लागतो. आजचे केदारनाथाचे मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले, शेजारचे केदारेश्वराचे दौलतराव शिंद्यांनी १८०८ साली. त्या दगडी भिंतींचा घुमारा हा जोतिबाचा पाठ आहे. माझ्या खोलीचा घुमारा हा प्रक्षेप. कानाला दोन्ही एकाच पातळीवर ऐकू येतात.

इथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. मी तेच मुद्रण लावून, कानाला बरे वाटेपर्यंत खर्ज कापत गेलो. ठोके सुटे झाले, पण आवारात शिरताना होणारा बदलही निघून गेला. देऊळ आणि डोंगर एकच होऊन बसले. प्रक्षेप काढताना मी पाठही खरवडला होता. खोलीची चाचणी खोलीनेच करावी लागते. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक सपाट स्वर सोडायचा, बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून तो मोजायचा. त्या स्वरात देऊळ नाही, यात्रा नाही. म्हणून जे काही फुगलेले दिसेल ते निःसंशय खोलीचे. मोजणीत साडेछप्पन्नच्या आसपास नऊ डेसिबलचा उंचवटा निघाला. तेवढाच, तेवढ्याच रुंदीचा काप दिल्यावर स्वराची उंचीच नव्हे तर त्याचे रेंगाळणेही कमी झाले.

त्याच मोजणीत ४७ हर्ट्झपाशी एक खड्डाही होता. माझी खुर्ची खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर होती, आणि तिथे ही लहर स्वतःलाच शून्य करते. मोह होतो की खड्डा भरून काढावा. दहा डेसिबल वाढवायचे तर अॅम्प्लिफायरने दहापट शक्ती द्यायची. स्पीकर धापा टाकतो, भिंतीजवळ बसलेल्याचे कान दुखतात, आणि मध्यावरचा खड्डा तसाच राहतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली पुरे झाले) सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीची इथे आठवण येते. प्रक्षिप्त भाग मुख्य पाठातून काढला, पण तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला; जिथे पाठाची खात्री नाही तिथे त्याखाली नागमोडी रेघ दिली. जे पोथ्यांत उरलेच नाही ते स्वतः रचून भरले नाही.

मी खुर्ची दोन फूट मागे सरकवली. खड्डा बराचसा भरला. त्यासाठी गणित लागले नाही. अर्थात ही आवृत्ती एकाच वाचकासाठी आहे : दारापाशी पलंगावर बसणाऱ्याला अजून गुरगुराटच ऐकू येतो, आणि घरात पलंगावर बसणारेच जास्त आहेत. काप चालू-बंद करण्याची सोय ठेवली आहे. चालू असताना ढोल पायऱ्यांवरून येतो, सुटा, कोरडा; मग एका क्षणी त्याच्या मागे दगड उभा राहतो.